अकरा रविवारांचं वजन

४ फेब्रुवारी

लेकीला,

आशीर्वाद लिहायला घेतला होता. पण तू तो घेशील की पाकिटासकट परत पाठवशील याचा भरवसा नाही, म्हणून नुसता नमस्कार लिहितो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा नमस्कार कोणी परत करत नाही म्हणे.

तुझ्या त्या चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीचं कार्ड आलं, जिच्याकडे तू राहतेस. चारच ओळी, पण अक्षर असं बारीक की तिच्याच दुकानातला चष्मा लागावा. ती लिहिते, "काका, पोटाच्या ऑपरेशनची यादी लागली. हिचं नाव नाही. फाइलवर जुना शेरा आहे, रुग्ण स्वतःचं वजन खोटं सांगते. ऑपरेशननंतर आयुष्यभर वजन कळवत राहावं लागतं, म्हणून खोटं सांगणारा माणूस त्यांना नको. समिती दहा मेला पुन्हा बसणार आहे. ती तुम्हाला कळवणार नाही, म्हणून मी कळवते."

तुझं हृदय मोठं झालंय, त्यावरचा भार उतरला तर ते सावरेल, नाहीतर नाही, हे मला दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे हे ऑपरेशन काही बारीक दिसायची हौस नव्हे, हे मला कळतं. चौथी शिकलोय, पण तेवढं कळतं.

तर मी असं ठरवलंय की समितीला एक पत्र लिहायचं. माझी मुलगी लबाड नाही, असं. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले. या भागातला एक कारखाना, एक गोदाम, एक भंगारवाला दाखव ज्याने माझ्या हातचा काटा वजन खातो अशी तक्रार केली. त्या शिक्क्याला वजन आहे.

तू मात्र रुसून बसलीस ते बसलीसच. मी त्या दिवशी एवढंच म्हणालो होतो, "वाचायला चुकली असशील." एवढ्याने कोणी बापाचं घर सोडतं का गं? एकटी राहून खाण्याची आबाळ होत असेल. होऊ दे म्हणा थोडी, फायद्याचीच आहे. हे आपलं गमतीने.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

बाबा


२६ फेब्रुवारी

लेकीला,

उत्तर नाही. ठीक आहे. मैत्रिणीने मात्र पुन्हा कार्ड टाकलं. म्हणते, "काका, तुम्ही ज्याला गंमत म्हणता, ती ऐकली की ही जेवत नाही आणि मग संध्याकाळी फडताळासमोर उभी राहून बिस्किटांचा पुडा संपवते. गंमत बंद करा." मुलगी फटकळ आहे. तुला तशीच हवी.

मग मी बसून आठवत राहिलो, की मी काय गंमत केली.

तुझी आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची. दुकान सोडून घरी कोण बसणार, म्हणून सुट्टीत तुला कामावर नेऊ लागलो. काटा तपासायचा तर विसाविसाची लोखंडी वजनं न्यावी लागत. पाच नग. माझा खांदा तेव्हाच कुरकुरू लागला होता. एकदा गोदामात वजनं विसरलो आणि तुला म्हणालो, "चढ गं जरा." सकाळी दुकानातल्या पक्क्या काट्यावर तू किती भरलीस ते मला ठाऊक होतं. गोदामातल्या काट्याने तेवढंच दाखवलं तर काटा चोख. झालं. वजनं वाहायची कटकट मिटली.

मला ही युक्ती एवढी आवडली की मी ती सगळ्यांना सांगत सुटलो. तू सतरा वर्षांची झालीस तेव्हा नव्वदच्या पुढे गेली होतीस. हमाल विचारायचे, "मिस्त्री, आज वजनं नाही आणली?" मी म्हणायचो, "आणलीत की, चालत आलीत." मग कोणीतरी तुझं नाव पाडलं, क्विंटल. मी नव्हे. पण मीही तेच म्हणू लागलो, हे खरं. तू काट्यावर उभी राहायचीस, नजर समोरच्या भिंतीवर, आणि मी आकडा मोठ्याने वाचायचो. वाचावाच लागतो, समोर मालक उभा असतो. लोक हसायचे. माझं काम वाढलं. लोक लांबून बोलवायचे, "त्या क्विंटलवाल्याला बोलवा."

मला वाटायचं, तूही हसतेस.

आता लिहिताना दिसतंय की तू हसायची नाहीस, दात दाखवायचीस. इतक्या वर्षांनी बापाला हे दिसतं, याला काय म्हणावं ते तूच म्हण.

पण हे मान्य केलं तरी शेऱ्याशी त्याचा संबंध नाही. शेऱ्याचं आपण बघू. समितीला पत्र टाकलंय.

बाबा


१८ मार्च

लेकीला,

तुझं उत्तर आलं. दोन वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. एकच ओळ होती: "मी त्या अकरा रविवारी खोटं सांगितलं असं तुम्हाला वाटतं का? हो किंवा नाही."

नाही.

घे, लिहिलं. आता पुढचं ऐक.

मी शांतपणे सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. तुला अडतीसावं लागलं तेव्हा साखर, रक्तदाब, धाप, सगळं एकदम निघालं. त्या इस्पितळातल्या आहारताई आपल्या वाट्याला आल्या. बाई सोन्यासारखी. ती पहिली व्यक्ती जी तुला "कमी खात जा" म्हणाली नाही. म्हणाली, "वजन म्हणजे चारित्र्य नव्हे. काहींचं शरीर जमवून ठेवतं, त्याला आनुवंशिक कारणं असतात, झोप असते, दुःख असतं. आपण हळू जाऊ. चालणं, ताटातली मापं, वेळेवर झोप, गोळ्या. आणि दर आठवड्याला वजन, कारण तुमच्या हृदयाला पाणी साचायची खोड आहे. चरबी दोन दिवसांत दोन किलो वाढत नाही. वाढली तर ते पाणी, आणि मला लगेच फोन."

तू म्हणालीस, "इस्पितळातल्या काट्यावर सगळ्यांसमोर मी उभी राहणार नाही. पाहिजे तर औषध बंद करा." ताईंनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, "घरी करा. तुमचे वडील काटेवाले आहेत, त्यांच्याहून चोख काटा आम्ही कुठून आणणार?" मग मी तुझ्यासाठी मोठ्या तबकडीचा काटा जोडला, शंभर शंभर ग्रॅमच्या रेघा असलेला, आणि तुझ्या खोलीत ठेवला. दर रविवारी तू दार लावून चढायचीस आणि ताईंना फोनवर आकडा सांगायचीस.

शेवटच्या अकरा रविवारांत आकडा उतरत गेला. तू एकशे तीन सांगितलंस. त्यानंतरच्या बुधवारी तुझा श्वास अडकला, इस्पितळात नेलं, तिथे भरलीस एकशे साडेतेरा. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः घरी आल्या, वजनं ठेवून काटा पाहिला. काटा चोख. मग त्यांनी शेरा लिहिला.

आता माझं म्हणणं असं. काट्याची स्प्रिंग जुनी होती. थंडीत ताठरते, उन्हात सैल पडते. त्या अकरा आठवड्यांत ती दमली असेल, आणि ताई आल्या त्या दिवशी ताळ्यावर आली असेल. होतं असं. मी हे आहारताईंना सविस्तर लिहिलंय. तुझ्याकडे बोट नको, माझ्याकडे नको, स्प्रिंगकडे जाऊ दे.

यातून काम होईल असं वाटतं.

बाबा


९ एप्रिल

पोरी,

आहारताईंचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

"काका, तुमची माया समजते. पण मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, काटा बरोबर आहे का? तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, हातचं काम आहे माझं. दहा किलोंचा फरक स्प्रिंग दमून पडत नाही आणि आपोआप दुरुस्त होत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? तिचं नाव लागावं म्हणून तुम्ही आज खोटं लिहिता आहात. याने तिची फाइल आणखी बिघडेल. कृपा करून पुन्हा लिहू नका."

बघ. आयुष्यात पहिल्यांदा वजनाबद्दल खोटं लिहिलं आणि पकडलो गेलो, असं म्हणून इथेच थांबायचा विचार होता. पण ते पहिल्यांदा नव्हतं.

बसून वाच. मैत्रीण शेजारी असू दे.

पहिल्या महिन्यात तू एकशे बारावरून एकशे नऊ पूर्णांक आठवर आलीस. तुझं तुझं. रोज पहाटे पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. मग काटा अडला. चार रविवार तोच आकडा. ताईंनी फोनवर सांगितलं होतं, "हे ठरलेलं आहे. शरीर कंजूष असतं, कमी मिळायला लागलं की खर्च आखडतं. थांबू नका." पण चौथ्या रविवारी तू खोलीतून बाहेर आलीस, बूट काढून कोपऱ्यात फेकलेस आणि म्हणालीस, "मी अशीच मरणार, बाबा. तुम्ही वजनं म्हणून मला विकून टाका."

ते बूट दोन दिवस तिथेच पडून होते. मला बघवेना.

काट्याच्या पोटात, दांड्याच्या टोकाशी एक स्क्रू असतो. तो काट्याला शून्यावरून हलवत नाही, वजन पडल्यावर काटा किती धावेल ते ठरवतो. रिकामा काटा बघणाऱ्याला काही कळत नाही. लबाड व्यापारी हाच स्क्रू फिरवतात. चाळीस वर्षं मी तो सरळ करून देत आलो. त्या शनिवारी तू कामाला गेलीस, मी काटा उलटा केला आणि तो स्क्रू पाव फेरा फिरवला. लोखंडी वजनं चढवून पाहिलं. शंभराला चारशे ग्रॅम कमी. म्हटलं, एवढंच. एक रविवार हसू दे. परत सरळ करू.

रविवारी तू हसलीस. मी पुढच्या शनिवारी आणखी पाव फेरा फिरवला.

अकरा शनिवार, पोरी. स्प्रिंग वगैरे काही नाही. हा हात.

मध्येच कधीतरी तुझे पाय सुजू लागले. तू म्हणालीस, "बाबा, बूट घट्ट होतायत." मी म्हणालो, "धुतलेस ना परवा? आकसले असतील." तुला आडवं झाल्यावर धाप लागू लागली, उशा दोनाच्या तीन झाल्या. ताईंनी फोनवर विचारलं, "सूज? मग वजन किती?" तू खरंखुरं जे दिसलं ते सांगितलंस, आठवड्याला काही शे ग्रॅम कमी. ताई म्हणाल्या, "उतरतंय, म्हणजे पाणी नाही." तेच आकडे हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाहिलं, वजन छान उतरतंय, आणि पाणी काढायची गोळी अर्धी केली.

माझ्या स्क्रूने अर्धी केली.

ज्या बुधवारी तुला नेलं, त्याच दिवशी चार वाजता मी घरी आलो, काटा उलटा केला, स्क्रू होता तिथे आणला, वजनं लावून ग्रॅमवर जुळवला. मग हात धुतले. दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा "बरोबर आहे" म्हणालो. तेव्हा तो बरोबरच होता. मी खोटं बोललो नाही, हे मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो.

इस्पितळात तू तोंडावरचा मास्क बाजूला करून ताईंना म्हणत होतीस, "माझ्या आईची शपथ, एकशे तीनच होतं." आणि ताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "वाचायला चुकली असशील." सगळ्यांनी मान डोलावली. किती पटकन डोलावली. जाड माणूस वजन चोरतं, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मला फार काही करावं लागलं नाही.

दहा मेला मी काटा घेऊन समितीसमोर येतो. तू यावंस असं नाही.

यापुढे स्वतःला बाबा कसा लिहू? काटेवाला लिहितो.

काटेवाला


११ मे

पोरी,

तू बाकावर बसली होतीस, पण आत काय झालं ते तुला दाराबाहेर नीट ऐकू आलं नसेल. म्हणून लिहितो.

आत तिघं होते. ऑपरेशनवाले सर्जन, हृदयाचे डॉक्टर आणि आहारताई. मी काटा जमिनीवर ठेवला. ताई आधीच म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला लिहिलं होतं." मी म्हणालो, "तुम्ही मायेबद्दल लिहिलंत. मी हत्यार घेऊन आलोय."

सर्जन हसले. "बोला मिस्त्री, काय दाखवता?"

मी त्यांनाच म्हणालो, "चढा." ते चढले. अठ्ठ्याहत्तर. "उतरा." काटा उलटा केला, स्क्रू फिरवला, अर्धं मिनिट लागलं असेल. "आता चढा." बहात्तर. साहेब खाली बघतच राहिले. म्हणाले, "बायकोला दाखवायला हवा हा काटा." हसायला सोबत मिळाली नाही. मी काटा रिकामा करून शून्य दाखवलं. मग पुन्हा सरळ केला. अठ्ठ्याहत्तर.

हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "का केलंत?"

मी म्हणालो, "तिला बरं वाटावं म्हणून."

ते म्हणाले, "मी या आकड्यांवर गोळी अर्धी केली होती." एवढंच. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा घातला नाही.

आहारताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साडेचार महिने ती मला इमानाने फोन करत होती. एक रविवार चुकवला नाही. आणि दहा किलोंचा फरक दिसल्यावर मला एकदाही शंका आली नाही की चूक तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाची असेल. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, काका. हे माझ्यात होतं. मी रोज लोकांना सांगते वजन म्हणजे चारित्र्य नव्हे, आणि पहिल्या संधीला मीच लिहिलं, खोटारडी."

त्यांनी फाइल ओढून शेरा खोडला. बाजूला कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. तिघांच्या सह्या झाल्या. माझ्या मनात आलं, झालं, पोरीचं नाव धुऊन निघालं, आता यादीत.

मग हृदयाच्या डॉक्टरांनी तुझा गेल्या महिन्याच्या तपासणीचा कागद काढला. त्यांनी मला चित्र दाखवलं. फुगलेली थैली, भिंती पातळ. ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी हिने भूल सोसली असती. आता टेबलावर नेली तर परत आणता येईल याची मी हमी देत नाही." सर्जननी मान हलवली. कोणी आवाज चढवला नाही. ऑपरेशन नाही. गोळ्या वाढवायच्या, मीठ मोजून, रोज चालणं झेपेल तेवढं, रोज सकाळी वजन. जेवढं सावरेल तेवढं.

म्हणजे तू खरी ठरलीस आणि उशीर झाला, दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक.

मी बाहेर आलो तेव्हा तू उठून उभी राहिलीस. मला वाटलं थोबाडीत मारशील. मनातून तेच हवं होतं. तू म्हणालीस, "बाबा, त्या अकरा रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण आरशात बघितलं होतं. केस सोडून." मग मैत्रिणीचा हात धरून जिना उतरू लागलीस. प्रत्येक चार पायऱ्यांना थांबत होतीस. मी वर उभा राहून मोजत होतो. मोजायची खोड जात नाही.

काटेवाला


२ जून

पोरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. "माफी, सही, पत्र काही नको. त्या अकरा रविवारांचे खरे आकडे पाठवा. स्क्रू किती फिरवला ते तुम्हाला आठवत असेल. नुसते आकडे."

आठवायची गरज नाही. दर शनिवारी लोखंडी वजनं लावून किती खाल्लं ते मी काट्याच्या तळाला, आतल्या बाजूला, पेन्सिलने लिहीत होतो. कामाची सवय. दुरुस्ती केली की नोंद करायची. तुझे फोनवर सांगितलेले आकडे ताईंनी उतरवून दिले. दोन्ही जोडून खाली देतो.

पहिला रविवार. तुला दिसलं १०८.६. खरं १०९.
दुसरा. दिसलं १०७.७. खरं १०८.५.
तिसरा. दिसलं १०६.९. खरं १०८.१.
चौथा. दिसलं १०६. खरं १०७.६.
पाचवा. दिसलं १०५.३. खरं १०७.३.
सहावा. दिसलं १०४.४. खरं १०६.८.
सातवा. दिसलं १०४.७. खरं १०७.५. इथे आकडा चढल्याचं मलाही कळलं. तू रडलीस. मी समजलो, रस्त्यात काहीतरी खाल्लं असेल पोरीने. पुढच्या शनिवारी एकदम दीड किलो फिरवलं.
आठवा. दिसलं १०४.१. खरं १०८.४.
नववा. दिसलं १०३.७. खरं १०९.२.
दहावा. दिसलं १०३.३. खरं ११०.१.
अकरावा. दिसलं १०३. खरं १११.

नुसते आकडे म्हणालीस. पण आकडे वाचायला मी तुला शिकवलंय, तू पहिल्या सहा आकड्यांशीच थांबशील आणि विचारशील, म्हणून आधीच लिहितो. पुढचे पाच म्हणजे पाणी, ताईंनीही तेच सांगितलं. पण पहिले सहा पाणी नव्हे आणि स्क्रूही नव्हे. तू अडली होतीस ती एकशे नऊ पूर्णांक आठवर. सहाव्या रविवारी खरं वजन एकशे सहा पूर्णांक आठ. ज्या आठवड्यात मला वाटलं की पोरगी हरली, त्याच आठवड्यात तुझा काटा आपणहून सुटला होता. मी हात लावला नसता तरी त्या रविवारी तू हसतच बाहेर आली असतीस. सातव्याला काटा चढला असता, ताईंनी एका फोनवर पाणी ओळखलं असतं, गोळी वाढली असती, आणि आज मी तुला आळशी म्हणून चिडवायला मोकळा असतो.

हे मला आत्ता कळलं असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं, तो कागद फाडला.

हे मला पहिल्याच रविवारी कळलं. मी चारशे ग्रॅमची चोरी केली होती आणि तू खोलीतून ओरडलीस, "बाबा, एक किलो दोनशे उतरलं!" ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्याची चोरी ग्रॅमवर पकडली, त्याला ही वजाबाकी जमणार नाही का? आठशे तुझे होते. मी ऐकल्या ऐकल्या समजलो. स्क्रू सरळ करायला तीच वेळ होती, हत्यार खिशात होतं.

पण तू धावत आलीस. तू, काट्यावरून उतरून, धावत. माझं तोंड दोन्ही हातांत धरलंस आणि म्हणालीस, "तुमच्या काट्याने तारलं हो मला." त्या गोदामांनंतर तू मला कधी हात लावला नव्हतास. मला ते हसू माझं हवं होतं. ते तुझ्या पायांनी कमावलंय हे कबूल केलं असतं, तर मी तुला दिलेलं असं माझ्याकडे काय उरलं असतं? क्विंटल हे नाव. म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा फिरवला. आणि नंतर प्रत्येक शनिवारी.

काटा पाठवत नाही. तुला रोज सकाळी वजन करायचं आहे, ते इस्पितळाने दिलेल्या काट्यावर कर, माझ्या हातचं काही घरात ठेवू नकोस. दोन दिवसांत दोन किलो चढलं तर ताईंना फोन कर, उत्तराची वाट बघू नकोस, पुन्हा कर.

एकशे नऊ पूर्णांक आठ वजा एकशे सहा पूर्णांक आठ. तीन किलो, सहा आठवड्यांत, दुखऱ्या हृदयाने, पहाटे टाकीपर्यंत चालून. त्यात माझा एक ग्रॅम नाही.